बिनविजेची गार पेटी

वैशाखाचे दिवस. सोलापूरकडचे ऊन काय असते, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हात नर्सबाई वस्तीवर येतात. त्यांच्याजवळ एक निळी पेटी असते. पेटीत लहान मुलांना द्यायची लस असते.

पेटीला तार नाही, बटण नाही. तरी दुपारी झाकण उघडले की आतला गारवा हाताला लागतो. मग एखादी आजी विचारतेच, "आवं बाई, करंट न्हाई तर ह्ये गार ऱ्हातंय कसं? आन् लशीला गारवा हवाच कशाला?"

आजीचा दुसरा प्रश्न आधी घेऊ.

दूध उन्हात ठेवले तर नासते. नासले की फाटते, वास येतो. आपण ते टाकून देतो. लसही उष्णतेने बिघडते. पण बिघडलेली लस बहुधा दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. रंग तोच, वास तोच. बाई सुई टोचतात, पोर रडते, कार्डावर नोंद होते. आईला वाटते, आता माझे लेकरू सुरक्षित झाले. पण लसच बिघडलेली असेल, तर मुलाच्या अंगी रोगाशी लढण्याचे बळ येत नाही. पुढे गोवर आला किंवा घटसर झाला, म्हणजे मग कळणार. म्हणून कारखान्यातून निघाल्यापासून बाळाच्या दंडापर्यंत लस थंड ठेवावी लागते. यालाच शीतसाखळी म्हणतात. साखळीची एक कडी तुटली की संपले.

किती थंड? २ ते ८ अंश. आरोग्य केंद्रात त्यासाठी खास फ्रीज असतो. त्याला आतून बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे वीज गेली तरी काही तास गारवा टिकतो. खरी परीक्षा पुढे आहे. आरोग्य केंद्र ते वस्ती, ही वाट विजेविना काढायची असते.

आता पेटी कशी चालते ते पाहू. तिच्या भिंती जाड असतात आणि भिंतीच्या पोटात फोम भरलेला असतो. फोम म्हणजे काय, तर बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली हवा. कोंडलेल्या हवेतून उष्णता सहजी आत शिरत नाही. ही युक्ती जुनीच आहे, बरे का. जत्रेतला बर्फगोळेवाला लादी कशात ठेवतो? भुशात आणि पोत्यात. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टन गावाहून एक जहाज बर्फ भरून कोलकात्यास आले होते. वाटेत चार महिने गेले. तरी निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत राहिला! तेव्हा कुठली आली वीज?

पेटीच्या चारी बाजूंना पाणी भरून गोठवलेल्या प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या उभ्या करतात. त्यांना आइसपॅक म्हणतात. मधल्या जागेत लसीच्या कुप्या. बाहेरून जी थोडी उष्णता आत येते, ती बर्फ खातो. बर्फ वितळतो, पण वितळून संपेपर्यंत गारवा सोडत नाही. पेटी नीट भरली आणि घडोघडी उघडली नाही, तर सुमारे बारा तास निघतात.

इथे एक गंमत आहे. गंमत कसली, धोकाच आहे. आपल्याला वाटते, जेवढे गार तेवढे बरे. तसे नाही. धनुर्वात, घटसर, डांग्या खोकला आणि 'ब' कावीळ यांच्या लसी गोठल्या की कायमच्या वाया जातात. पुन्हा वितळल्या तरी उपयोग नाही. फ्रीजरमधून नुकताच काढलेला आइसपॅक शून्याच्याही पुष्कळ खाली गेलेला असतो. तो लगेच पेटीत घातला तर शेजारची कुपी गोठते. म्हणून जाणत्या बाई आइसपॅक आधी बाहेर ठेवतात. थोड्या वेळाने कानाशी धरून हलवतात. आत पाणी खुळखुळले की समजायचे, बर्फ वितळू लागला, आता पेटीत घालायला हरकत नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटते, बाई वेळ काढतायत! आम्हांला तर त्या खुळखुळण्याचे मोठे कौतुक वाटते. यंत्र नाही, काही नाही, कानाने परीक्षा.

लस उष्णतेने बिघडली का, हे तुम्हीसुद्धा पाहू शकता. अनेक कुप्यांवर एक लहान गोल छापलेला असतो. गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरता येते. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला, की कुपी टाकून द्यायची. ही खूण १९९६ पासून पोलिओच्या थेंबांच्या कुपीवर आली. असल्या कुप्या पेट्यांत घालून आपल्या देशात घरोघर नेल्या गेल्या. रानातला पोलिओचा शेवटचा रोगी आपल्याकडे जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मात्र लस गोठली होती का, हे त्या चौकोनावरून कळत नाही. ते बाईंच्या खुळखुळण्यावरच.

आणखी एक गोष्ट. गोवराची लस भुकटीच्या रूपात येते. ती पाण्यात कालवली की चार तासांत वापरावी लागते. उरली तर फेकून द्यायची. म्हणून बाई म्हणतात, "सकाळी वेळेवर या." कुणी रानातली कामे आटोपून उशिरा येते आणि बाईंनी नाही म्हटले की रागावते. "कुपीत औषध दिसतंय की! घाला त्यातलंच." ते घालणे बाळाच्या जिवाशी खेळणे आहे.

आता घरचे पाहू. काही घरी साखरेच्या आजाराचे इन्सुलिन असते आणि फ्रीज नसतो. तिथे मातीचे मडके कामी येते. मडक्यातून पाणी पाझरते, वाऱ्याने वाळते, आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. इन्सुलिनची कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घाला. ती डबी पाण्याच्या मडक्यात ठेवा. मडके सावलीत, वारा लागेल असे असावे. पण मडके म्हणजे फ्रीज नव्हे. तेव्हा कुपी किती दिवस चालेल ते डॉक्टरांना विचारून घ्या. बर्फाला मात्र चिकटवू नका. इन्सुलिनही गोठले की वाया जाते. आणि लस कधीही मडक्यात ठेवायची नाही, तेवढा गारवा त्यात नसतो.

उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून मडके छान गार पडते. पावसाळ्यात हवा दमट झाली की पाणी वाळत नाही आणि मडके कोमट राहते. त्या दिवसांत इन्सुलिनची चौकशी दवाखान्यात आधीच करून ठेवा.