कात्री केव्हा लावावी?

पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, की पुण्याकडील बागांतून गुलाबाची छाटणी सुरू होते. हिरव्यागार झुडपाच्या कितीतरी फांद्या माळी कापून टाकतो आणि पाहणाऱ्याचा जीव हळहळतो. पण साधारण दीड-दोन महिन्यांत त्याच खुंटांवर टपोरी फुले डोलू लागतात. कापलेले झाड उलट भरते ते कसे?

एखादी फांदी हातात धरून नीट पाहा. टोकाला कोवळा शेंडा असतो. त्यात अग्रकलिका दडलेली असते. शिवाय प्रत्येक पानाच्या देठापाशी, खोडाच्या बेचक्यात, एक बारीकसा उंचवटा दिसेल. माळी त्याला डोळा म्हणतात. प्रत्येक डोळ्यातून नवी फांदी फुटू शकते. परंतु शेंडा शाबूत असेपर्यंत बहुतेक डोळे झोपलेलेच राहतात. शेंड्याच्या या हुकमतीला अग्रप्रभाव असे नाव आहे.

ही हुकमत चालते कशाच्या बळावर? १९३३ साली अमेरिकेत केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपाचे शेंडे खुडले. खालचे डोळे लगेच फुटू लागले. मग काही रोपांच्या कापलेल्या टोकावर त्यांनी ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक घातलेली आगरची वडी ठेवली. काय आश्चर्य! शेंडा नसूनही डोळे दबलेलेच राहिले.

पण गोष्ट इथे संपली नाही. ऑक्झिन खोडातून ताशी सुमारे १ सेंटिमीटर इतक्या संथ गतीने खाली उतरते. उंच वाटाण्याचा शेंडा खुडला, तर दूरवरचे डोळे त्याहून कितीतरी लवकर वाढू लागतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याचा उलगडा झाला. वाढता शेंडा साखर ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर डोळ्यांच्या वाट्याला येते आणि तीच त्यांना पहिली जाग आणते. पुढची वाढ संप्रेरकांच्या तोलावर ठरते.

म्हणून कात्री नेहमी डोळ्याच्या किंचित वर लावायची. निवडायचा तो बाहेरच्या बाजूस तोंड असलेला डोळा, म्हणजे नवी फांदी बाहेर जाईल आणि झुडपाच्या पोटात ऊन-वारा खेळेल. कात्री धारदार हवी. चेंगरलेली जखम लवकर भरून येत नाही.

आता खरा मुद्दा. गुलाब, जास्वंद, मोगरा यांना फुले येतात ती नव्या फुटव्यांवर. जितके जोमदार फुटवे, तितकी फुले. म्हणून त्यांना छाटणी मानवते. पण सगळी झुडपे अशी नसतात.

कॅमेलियाचेच उदाहरण घ्या. हे चीन, जपान, कोरियाकडचे झुडूप आपल्या मैदानी बागांत सहसा दिसत नाही. त्याला गारवा आणि आम्लधर्मी माती लागते. पण त्याचा भाऊबंद तुमच्या घरी रोज येतो, कारण चहा हीदेखील कॅमेलियाचीच एक जाती आहे! शोभेचा कॅमेलिया बहुधा हिवाळ्यात किंवा वसंतात फुलतो, मात्र त्याच्या कळ्या आधीच्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. ऑक्टोबरात त्यावर गुलाबासारखी कात्री चालवली, तर तयार कळ्याच मातीत पडतील आणि त्या हंगामापुरते झुडूप मुके राहील. झाड मरणार नाही, पाने तर झकास फुटतील; म्हणूनच चूक कोठे झाली हे कळायला वेळ लागतो. कॅमेलियाची छाटणी करायची ती बहर ओसरल्याबरोबर, नवी पालवी फुटण्यापूर्वी. नंतर छाटण्याची वेळ आलीच, तर कळ्या ओळखाव्यात. फुलाची कळी गोल, गरगरीत असते. पानाची बारीक आणि टोकदार.

चहाच्या मळ्यात मात्र फूल कोणालाच नको असते. तेथे शेंड्याची कळी आणि खालची दोन कोवळी पाने पुनःपुन्हा खुडतात, दर काही वर्षांनी झुडपे खोल छाटतात आणि बेचक्यातले डोळे सतत जागे ठेवतात. मोकळे सोडले तर कित्येक मीटर उंच वाढणारे हे झाड त्यामुळे कमरेएवढे, मेजासारखे सपाट राहते.