सरकारी यंत्रातलं लिनक्स: सुरुवात कुठून करायची?

विदर्भात संत्र्याचा हवामान आधारित विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरतो. म्हणजे नेरसारख्या तालुक्यात एखादं यंत्र काय नोंदवतं, यावर शेतकऱ्याचे पैसे अवलंबून असू शकतात. मग त्या यंत्रातलं सॉफ्टवेअर सरकारी इंजिनिअरला कळायला नको?

साधं केंद्र छोट्या मायक्रोकंट्रोलरवरही चालतं. पण कॅमेरा, मोबाइल नेटवर्क, डेटाबेस असं सगळं एकत्र आलं की लिनक्स सोयीचं पडतं. ते उभं करायला चार गोष्टी लागतात.

१. टूलचेन: आपला लॅपटॉप बहुधा इंटेलचा, बोर्ड आर्मचा. म्हणून लॅपटॉपवर बसून बोर्डसाठी कोड तयार करणारा क्रॉस-कंपायलर हवा.

२. बूटलोडर: बहुतेक वेळा यू-बूट. तो रॅम तयार करतो, कर्नल मेमरीत आणतो आणि बाजूला होतो.

३. कर्नल आणि डिव्हाइस ट्री: यूएसबी पेनड्राइव्ह स्वतःची ओळख सांगतो, आय-टू-सी सेन्सर सांगत नाही. तो कोणत्या बसवर, कोणत्या पत्त्यावर आहे हे डिव्हाइस ट्रीमध्ये लिहून द्यावं लागतं. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

४. रूट फाइल सिस्टिम: रोजच्या कमांड्स एकाच छोट्या फाइलमध्ये देणारा बिझीबॉक्स आणि आपला प्रोग्रॅम.

हे चारही बिल्डरूट एका कॉन्फिगरेशनवरून बांधून देतं. मोठ्या, दीर्घकाळ चालणाऱ्या कामांसाठी योक्टो आहे, पण ते शिकायला वेळ लागतो. आधी बिल्डरूटच करा.

आता खरा मुद्दा. पुरवठादार निघून गेला आणि पाच वर्षांनी सुरक्षेतली चूक सापडली, तर? कर्नल जीपीएल आवृत्ती २ खाली आहे, त्यामुळे यंत्र घेणाऱ्याला कर्नलचा सोर्स मागायचा हक्क आहे. पुरवठादाराच्या स्वतःच्या प्रोग्रॅमला मात्र हा नियम आपोआप लागू होत नाही. म्हणून सोर्स, बिल्ड कॉन्फिगरेशन आणि डिव्हाइस ट्री या तिन्ही गोष्टी निविदेतच मागायला हव्यात. आणि मिळालेल्या सोर्समधून तीच इमेज पुन्हा बांधून बघायची. बांधता आली नाही, तर यंत्र नुसतं नावाला आपलं.

संशोधनातही हेच लागू होतं. उपकरण पुन्हा उभं करता येत नसेल, तर त्याच्या नोंदी तपासणार कशा?

रीतसर शिकायचं असेल तर पुण्याच्या सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम्सचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्यात डिव्हाइस ड्रायव्हर्सही शिकवतात. पण बोर्ड नाही म्हणून थांबू नका. लॅपटॉपवर क्यूएमू टाका, बिल्डरूटची इमेज बांधा आणि लॉगिन येईपर्यंतचा प्रत्येक बूट संदेश वाचा. वरच्या यादीतला कोणता भाग बोलतोय ते ओळखता आलं, की अर्धं काम झालं.