पाऊस बाहेरचा, ओल आतली

जूनच्या तोंडावर दुकानांच्या दारात रेनकोट, जाकिटे आणि गमबूट लटकू लागतात. किमती काही शे रुपयांपासून दहा हजारांच्या पुढेही जातात. जास्त किंमत म्हणजे जास्त संरक्षण, असा समज असतो. पण शरीराच्या दृष्टीने पाहायचे ते वेगळेच असते: पाणी कुठून येणार आणि त्याने काय बिघडणार? शहरात आणि डोंगरात याची उत्तरे वेगवेगळी आहेत. पायांच्या बाबतीत तर ती अगदी उलट आहेत.

आधी जाकिटाचे पाहू. चांगल्या जाकिटाच्या लेबलावर ५,०००, १०,००० असे मिलिमीटरमधले आकडे असतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला, तर किती उंचीपर्यंत ते गळत नाही, याचे हे माप. रिमझिम पावसाला ५,००० पुरते; मुसळधार पावसात आणि पाठीवर सॅक असताना १०,००० च्या आसपासचे बरे, कारण पट्ट्यांच्या दाबाखाली पाणी कापडातून आत ढकलले जाते. लेबलावर नुसते ‘वॉटर रेझिस्टंट’ असेल, तर ते जाकीट थोड्या वेळाच्या सरीपुरतेच.

महागड्या जाकिटांची खरी किंमत असते ती घामाचे बाष्प बाहेर सोडणाऱ्या पातळ पडद्याची. त्यातली छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा खूप लहान, पण बाष्पाच्या रेणूंपेक्षा मोठी असतात. मात्र आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट असेल, तरच बाष्प बाहेर जाते. थंड देशांत हा फरक मोठा असतो. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवाच उबदार आणि बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे महाग पडद्याचे कामही मंदावते. अंग ओले होते, पण पावसाने नव्हे, घामाने.

भातलावणीच्या वेळी डोक्यापाठीवर घ्यायचे इरले आठवावे. ते पाठीवर पाऊस झेलते, पण पुढून आणि खालून मोकळे असते, त्यामुळे वारा खेळतो. स्वस्त जाकीट निवडताना हेच पाहावे: काखेत चेन, पाठीवर झाकलेली जाळी, थोडा सैल माप. दुकानातच जाकीट उलटे करून शिवणी तपासाव्यात. सुईच्या भोकांवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल, तर कापड कितीही भारी असले तरी खांद्यावरून पाणी झिरपणारच. पुढच्या चेनवर झाकणपट्टी आणि टोपीला दोरी हवी. दुचाकीवर जाणाऱ्यांनी सोबत पँट आणि भडक रंग, शक्यतो चमकपट्टी असलेलाच सेट घ्यावा.

शहरात पायांना खरा धोका साचलेल्या पाण्याचा. उंदरांच्या आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हे जिवाणू त्यात मिसळतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ अनुभवली आहे. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे. उपचाराला उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेतते. इथे काही शे रुपयांचे साधे, गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट महागड्या बुटांपेक्षा उपयोगी ठरतात. मात्र पाणी बुटाच्या काठावरून आत शिरले की त्यांचा उपयोग संपतो आणि पाऊल जड होते. एवढ्या खोल पाण्यात, जिथे मॅनहोल उघडे असू शकते, तिथे उतरूच नये. उतरावेच लागले, तर पाय साबणाने धुऊन २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवावे. प्रतिबंधक गोळी लागेल का, हे त्यांनीच ठरवायचे.

डोंगरात हेच गमबूट धोक्याचे. घोट्याला आधार नाही आणि ओल्या कातळावर पकड कमी. सह्याद्रीच्या वाटांवर ओढे ओलांडावेच लागतात. अशा वेळी जलरोधक बुटातही वरून पाणी शिरते आणि मग ते बाहेर पडत नाही. त्यापेक्षा पाणी निथळून जाईल असे जाळीचे, खोल खाचांच्या मऊ रबरी तळव्याचे बूट बरे. तळवा अंगठ्याने दाबून पाहावा. कडक प्लास्टिकसारखा लागला तर तो घसरणार. शेवाळलेल्या कातळावर मात्र कुठलाच बूट भरवशाचा नाही.

डोंगरात दुसरी भीती गारठ्याची. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेली जीन्स आणि वारा एकत्र आले, तर पावसाळ्यातही शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ शकते. थरथर, बोबडी वळणे, बधिरपणा ही त्याची चिन्हे. त्यामुळे सुती कपड्यांऐवजी लवकर वाळणारे कपडे घालावेत आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा जोड सॅकमध्ये ठेवावा. कोरडा जोड हे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

घरी आल्यावरही काम उरतेच. ओले मोजे तासन्‌तास पायात राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मधुमेहींनी तर हे अजिबात अंगावर काढू नये. पाय धुऊन बेचक्यांसह कोरडे करावेत. बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून ते पंख्याखाली ठेवावेत. जाकीट ओलेच घडी करून ठेवले तर आतला थर चिकट होऊन सुटतो, म्हणून सावलीत टांगून वाळवावे.

पैसे मोजकेच असतील, तर शहरात राहणाऱ्याने आधी गमबूट घ्यावेत, डोंगरात जाणाऱ्याने आधी चांगल्या तळव्याचे बूट. जाकिटावर उरलेले पैसे खर्चावेत आणि ते घेताना किमतीआधी शिवणी पाहाव्यात.