बरोबरीचा निकाल

या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत मुलींच्या फुटबॉलवर लेख पाहून शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांना थोडे नवल वाटेल. ज्याने आयुष्यभर ज्ञानेश्वरी आणि केशवसुत शिकविले, त्याने या विषयाला हात घालावा, हे काहींना अप्रस्तुतही वाटेल. परंतु मला लिहावयाचे आहे ते खेळाच्या कौशल्याविषयी नव्हे. दोन पक्ष तुल्यबळ ठरले म्हणजे निर्णय कसा करावा आणि कोणत्या अधिकाराने करावा, हा माझा प्रश्न आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ढाका येथे एकोणीस वर्षांखालील मुलींच्या एका अंतिम सामन्यात तो इतक्या उघडपणे समोर आला, की न्यायशास्त्राच्या अभ्यासकानेही तो सामना पाहावा.

ती स्पर्धा दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची. हा महासंघ १९९७ साली स्थापन झाला; भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे सात देश आज त्याचे सभासद आहेत. महिलांची स्पर्धा त्याने २०१० साली सुरू केली आणि वयोगटातील मुलींची २०१७ साली. पंधरा वर्षांखालील त्या पहिल्या स्पर्धेत बांगलादेशने ढाक्यात भारताला हरविले. पुढील दोन वर्षे थिंफूमध्ये भारताने त्याची परतफेड केली. त्यानंतर वयोमर्यादा पंधरा, सोळा, सतरापासून वीसपर्यंत बदलत राहिली. संघही कधी चार, तर कधी अवघे तीन. एवढ्यावरून ही स्पर्धा किरकोळ मानण्याचे कारण नाही. खेड्यापाड्यांतून आलेल्या पुष्कळ मुलींना देशाचा पोशाख अंगावर चढविण्याची पहिली संधी येथेच मिळते, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी मिळालेले पदक मनुष्य जन्मभर विसरत नाही.

२०२४ च्या स्पर्धेत भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान असे चार संघ होते. साखळीत बांगलादेशने भारताला १-० असे नमविले होते. अंतिम सामन्यात आठव्याच मिनिटाला शिबानी देवी हिने भारताचा गोल केला. ती आघाडी जवळजवळ अखेरपर्यंत टिकली. परंतु नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर, वाया गेलेल्या वेळेची भरपाई चालू असताना, बांगलादेशच्या सागरिकाने बरोबरी साधली. मग पेनल्टी. पहिल्या पाच-पाच फटक्यांत कोणी चुकले नाही. सहावा, सातवा, आठवा. तरीही कोणी चुकले नाही. शेवटी दोन्ही गोलरक्षक मुलींनीही एकमेकींविरुद्ध गोल केले आणि फलक ११-११ असा झाला. बावीस मुली, बावीस फटके, एकही वाया नाही. दडपणाखाली मोठमोठ्या खेळाडूंचे पाय जेथे लटपटतात, तेथे या मुलींनी जे केले त्याला माझ्यापाशी ‘अपूर्व’ याहून वेगळा शब्द नाही.

आता नियम काय सांगतो ते पाहू. पाच-पाच फटक्यांनंतर बरोबरी राहिली तर एकेक फटका घेत जावयाचे. एकाच फेरीत एका संघाने गोल केला आणि दुसऱ्याने केला नाही, की निकाल लागला. पात्र असलेल्या सर्व खेळाडूंचा एकेक फटका होईपर्यंत कोणालाही दुसरा मिळत नाही. सर्वांचा झाला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या वेळी क्रम बदलण्याची मुभा असते. म्हणजे नियमाला येथे तळच नाही. निकाल लागेपर्यंत तो चालतच राहतो. नाणेफेकीला या विधीत स्थान आहे, पण ते आरंभी: कोणत्या गोलवर फटके मारावयाचे आणि प्रथम कोणी, एवढे ठरविण्यापुरते.

ढाक्यात मात्र अकरा-अकरानंतर सामनाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून नाणे उडविण्यात आले. कौल भारताच्या बाजूने पडला, भारतीय मुलींनी जल्लोष केला, आणि बांगलादेशच्या मुली मैदानावर उभ्या राहून विचारू लागल्या, की हे कोणत्या नियमात लिहिले आहे? स्पर्धेच्या नियमांत ते नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाणेफेक म्हणजे अन्याय, असे नाही. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत नेपल्स येथे इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना गोलशून्य राहिला, नाणे उडाले आणि इटली अंतिम फेरीत गेली. त्या काळचा नियमच तसा होता. पेनल्टीची पद्धत नियमांत आली ती १९७० साली. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात दोन उमेदवारांना समान मते पडली आणि चिठ्ठी टाकून निकाल लावण्यात आला; कायद्यातच तशी तरतूद आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, पण कौल लावण्यापूर्वी दोन्ही पक्ष तो मानण्याचे कबूल करतात. दैवावर सोपविलेला निर्णयसुद्धा न्याय्य होऊ शकतो. अट एवढीच, की दैवावर सोपविण्याचे आधी ठरलेले असावे.

याची दुसरी बाजूही भारत आणि बांगलादेश यांच्याच मुलींनी दाखविली आहे. मार्च २०२२ मध्ये जमशेदपूरला अठरा वर्षांखालील स्पर्धेत तीनच संघ होते आणि अंतिम सामना नव्हता. गुणतक्त्यावरून विजेता ठरावयाचा होता. शेवटच्या सामन्यात बांगलादेशने भारताला १-० असे हरविले, आणि तरीही विजेता ठरला भारत, कारण गुण समान असून गोलफरक भारताचा अधिक होता. हरलेला संघ करंडक घेऊन जातो, हे दृश्य विपरीत खरेच. परंतु ती रीत सर्वांना प्रथमपासून ठाऊक होती.

त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वर, नवी मुंबई आणि गोवा येथे झाली. २६ ऑक्टोबर रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर कोलंबिया आणि नायजेरिया यांचा उपांत्य सामना ०-० असा राहिला आणि पेनल्टीवर कोलंबियाने तो ६-५ असा जिंकला. तेथेही पाच फटक्यांत निकाल लागला नव्हता. पंचांनी फक्त पुढचा फटका घेण्यास सांगितले. नियम पाळणे हे बहुधा असेच नीरस असते.

ढाक्यात ते न झाल्याने पुढे जे घडले ते पांढुर्ण्याच्या माणसाला अगदीच अनोळखी नाही. प्रेक्षकांतून मैदानावर बाटल्या आल्या. भारतीय संघ निघून गेला तो परतला नाही. बांगलादेशच्या मुली थांबून राहिल्या. बऱ्याच खलानंतर दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल, की संध्याकाळपर्यंत पळसाचा झेंडा कोणाच्याच हाती लागला नाही, तर दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसे एकत्र येतात आणि झेंडा सहमतीने चंडीमातेच्या मंदिरात नेतात. गोटमारीतील रक्तपाताचे समर्थन मी करणार नाही. तिने माणसे मारली आहेत. परंतु ती सहमती मला नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे.

आपल्या भाषेत ‘निवाडा’ आणि ‘समेट’ असे दोन वेगळे शब्द आहेत. निवाड्याला नियम लागतो, समेटाला दोन्हीकडची इच्छा. ढाक्यात निवाड्याची वाट खुली होती, बारावा फटका घेतला असता म्हणजे झाले असते. ती चुकल्यावर समेटाखेरीज काही उरले नाही. एकदा ‘तुम्ही जिंकलात’ असे सांगितलेल्या मुलींना पुन्हा उभे करणे अवघड होते, आणि ज्यांचा एकही फटका चुकला नव्हता त्यांना पराभूत म्हणणे त्याहून अवघड. म्हणून संयुक्त विजेतेपद मला अयोग्य वाटत नाही. मात्र त्याला निकाल म्हणू नये.

पुढच्याच महिन्यात, १० मार्च २०२४ रोजी, नेपाळमध्ये सोळा वर्षांखालील मुलींच्या अंतिम सामन्यात हेच दोन देश समोरासमोर आले. सामना पुन्हा १-१ असा सुटला आणि पुन्हा पेनल्टीवर गेला. या वेळी फटके चुकले, अडविले गेले, आणि बांगलादेश ३-२ असा विजयी झाला.