पेव्हर ब्लॉकच्या धंद्यात एआय : सिमेंट कुठे वाचतं, कुठे वाचवायचं नाही

पेव्हर ब्लॉक, कंपाउंडचे पोल, गटारावरचे ढापे बनवायचा विचार करताय? मग हे वाचाच.

या धंद्यात सगळ्यात महाग माल सिमेंट. ब्लॉक फुटू नये म्हणून बरेच जण अंदाजाने जास्त टाकतात. हिशोब बघा. घनमीटरमागे ४० किलो जादा आणि रोजचं काँक्रीट १० घनमीटर, तर ४०० किलो, म्हणजे रोज ८ गोण्या. गोणी ३५० रुपये धरली तर २,८०० रुपये. पण घाईने कमी केलं आणि लॉट नापास झाला, तर ऑर्डर जाते आणि नावही.

एआय इथे काय करतं?
काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. एकामागून एक दहा मिक्स करून बघायचे तर नऊ महिने गेले. एआय जुन्या नोंदींवरून नव्या मिक्सची ताकद आधीच वर्तवतं आणि पुढे कोणते दोन-तीन मिक्स करून बघावेत ते सुचवतं. २०२२ मध्ये मेटा कंपनीने इलिनॉय विद्यापीठासोबत असंच केलं. डेटा सेंटरच्या बांधकामासाठी सुमारे ४० टक्के कमी कार्बनचं काँक्रीट मिळालं.

आपल्याकडे?
नागोठण्याजवळ डोलवीला स्टील प्लांट आहे. स्टील प्लांटचा स्लॅग दळून जीजीबीएस पावडर होते. ती काही सिमेंटऐवजी चालते. पण स्लॅग सुरुवातीला ताकद हळू धरतो. माल जास्त दिवस ठेवावा लागतो, म्हणजे जागा आणि भांडवल अडकतं. हा खर्चही हिशोबात धरा.

सुरुवात अशी करा
१. प्रत्येक बॅचचं सिमेंट, स्लॅग, पाणी, खडी, क्रश सँड वजनाने लिहा.
२. पावसाळ्यात वाळूतला ओलावा मोजा. ओली वाळू पाणी घेऊनच येते, आणि पाणी वाढलं की ताकद घटते.
३. ७ आणि २८ दिवसांचे लॅब रिपोर्ट त्याच ओळीत भरा.
४. एआयने सुचवलेला मिक्स आधी छोट्या बॅचमध्ये करून टेस्ट करा, मगच ऑर्डरला वापरा.

नुसतं चॅटबॉटला विचारलंत तर आकडे झटपट मिळतील, पण त्याने तुमची खडी पाहिलेली नाही. आणि कॉलम, बीम, स्लॅबचं डिझाइन हे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच काम. तिथे सही त्यांची, जबाबदारीही त्यांची.

सॉफ्टवेअर नंतर घ्या, आधी वजनकाटा आणि वही घ्या!