पटावर न आलेल्या मुली

१९५६ च्या नोव्हेंबरात आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ किनवट तालुक्याबरोबर मुंबई राज्यात दाखल झाले, तेव्हा दप्तरे बदलली, अंमलदार बदलले. परंतु घरी गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलणारे जे लेकरू मराठी धड्यापुढे मुके होऊन बसे, त्याला मठ्ठ ठरविण्याचा रिवाज काही बदलला नाही. वास्तविक १९४३ सालीच, निजामाच्या अमलात, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने आदिलाबादेतील मार्लवाई येथे गोंडांसाठी शिक्षणयोजना सुरू झाली होती आणि देवनागरीत छापलेल्या गोंडी वाचनपुस्तकांनी मुलाला प्रथम त्याच्याच बोलीत साक्षर करण्याचा विवेक तीत दिसला होता. सरहद्दीच्या अलीकडे शाळेची भाषा मराठीच राहिली.

बुद्धिमापनाची साधनेही परक्या घरची. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या कसोट्या मराठी व कन्नड मुलांसाठी बसविल्या आणि १९४० साली त्यांवर ग्रंथ लिहिला. काम मोलाचे, पण कोलामाच्या पोराची अक्कल त्या मापाने मोजू गेल्यास उणीव बुद्धीची की भाषेची, हे कोणी सांगावे? हाच प्रश्न कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीय पालकांनी न्यायालयात नेला, आणि १९७९ साली न्यायाधीश पेकहॅम यांनी अशा चाचण्यांच्या आधारे त्यांची मुले मतिमंदांच्या वर्गांत घालण्यास मनाई केली.

तेथे गाऱ्हाणे नको त्या भरतीचे होते. इस्लापूरकडे विशेष शाळेत भरतीच दुर्मिळ. आणि मुलीची तर, माझ्या मते, त्याहून दुर्मिळ. अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा आला, २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, तरी दाखल्यासाठी नांदेडच्या सिव्हिल हॉस्पिटलापर्यंत जाणे म्हणजे बापाची मजुरी बुडणे. ती मुलासाठी एखादे वेळी बुडते, आणि बहिरी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहते, कारण त्या कामाला ऐकू येणे फारसे लागत नाही असा घरचा हिशेब असतो. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंग पुरुष दीड कोटी, स्त्रिया १ कोटी १८ लाख. या अंतराचा काही भाग निसर्गाच्या खाती टाकता येईल, पण साक्षरतेतील तफावत, पुरुषांत ६२ टक्के आणि स्त्रियांत ४५, ही निसर्गाची करणी खास नव्हे.

दाखल्यासाठीच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांशेजारी गोंडी-कोलामी जाणणारी एखादी बाई बसवावी, एवढी तजवीज किनवटच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला सहज करता येईल. तेवढ्यासाठी नवा कायदा नको, की नवे मंडळही नको.