पक्षाघातानंतरची अँजिओप्लास्टी (लेखांक ६)

हृदयाच्या धमनीतला अडथळा फुग्याने उघडून तिथे स्टेंट बसवायचा, आणि रुग्णाला पूर्वी पक्षाघात होऊन गेलेला असेल, तर दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात. पक्षाघात कोणत्या प्रकारचा होता? तो होऊन किती काळ लोटला? मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली तरी हातपाय लुळे पडतात आणि ती फुटून मेंदूत रक्तस्राव झाला तरीही. घरच्यांच्या तोंडी दोन्हींसाठी ‘लकवा’ हा एकच शब्द असतो. स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरला मात्र हे दोन वेगळे रुग्ण मानावे लागतात.

हृदयविकाराचा झटका आला की हा फरक लगेच पुढे येतो. कॅथलॅब (अँजिओप्लास्टीचा कक्ष) जवळ नसेल तिथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. पण मेंदूत पूर्वी केव्हाही रक्तस्राव झालेल्याला ते देता येत नाही. गुठळीचा पक्षाघात असेल तर अमेरिकी नियमांनुसार तीन, युरोपीय नियमांनुसार सहा महिन्यांपर्यंत ते वर्ज्य आहे. अशा रुग्णाला थेट अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात हलवणे हाच मार्ग उरतो.

प्रक्रियेत स्वतःचा असा धोका आहेच. मनगटातून किंवा जांघेतून घातलेली नळी महाधमनीतून हृदयाशी पोहोचते. ज्याच्या मेंदूच्या धमन्यांत चरबीचे थर साचले, त्याच्या महाधमनीतही ते बहुधा असतात. नळी घासून सुटलेला कण रक्ताबरोबर मेंदूत जाऊ शकतो. एकंदरीत असे क्वचित घडते. पूर्वी पक्षाघात झालेल्यांत त्याचे प्रमाण जास्त असते. तरी या बाबतीत बायपासपेक्षा अँजिओप्लास्टी बरी ठरते. ‘सिंटॅक्स’ चाचणीत पहिल्या वर्षात बायपास झालेल्या २.२ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला, स्टेंट बसवलेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांना. अर्थात बायपास की स्टेंट हे एवढ्यावरच ठरत नाही. किती धमन्या बंद आहेत आणि मधुमेह आहे का, हेही पाहावे लागते.

खरी कसोटी लागते ती स्टेंटनंतरच्या गोळ्यांत. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिनच्या जोडीला दुसरी गोळी काही महिने घ्यावी लागते. प्रासुग्रेल ही त्यांतली प्रभावी गोळी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १३,६०८ रुग्णांच्या चाचणीत मात्र पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेल्यांना ती घातक ठरली: त्यांच्यापैकी ६.५ टक्के रुग्णांना पुन्हा पक्षाघात झाला, तर तिच्याऐवजी क्लोपिडोग्रेल ही गोळी घेणाऱ्यांत १.२ टक्के. २.३ टक्के रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाला; क्लोपिडोग्रेलच्या गटात एकाच्याही नाही. तेव्हापासून पक्षाघाताचा इतिहास असेल तर प्रासुग्रेल द्यायचे नाही, हा नियम पक्का झाला. काही मिनिटांत ओसरलेला झटकाही त्यात धरला जातो, आणि सांगायचा राहून जातो तो नेमका हाच. याच कामाची टिकाग्रेलॉर ही गोळी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना वर्ज्य आहे. म्हणून अनेकांच्या वाट्याला जुने, सौम्य क्लोपिडोग्रेल येते.

दोन गोळ्या किती दिवस घ्यायच्या, याचाही पुनर्विचार झाला आहे. रक्तस्रावाचा धोका मोठा असलेल्या रुग्णांवरील २०२१ च्या ‘मास्टर डॅप्ट’ चाचणीत महिन्याभराने एक गोळी थांबवली तरी हृदयाचे नुकसान वाढले नाही आणि रक्तस्राव घटला. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे पक्षाघात झालेल्यांची अडचण याहून अवघड, कारण ते आधीच गुठळीरोधक औषध घेत असतात. त्यांच्यात अॅस्पिरिन लवकर बंद करून गुठळीरोधक आणि क्लोपिडोग्रेल एवढेच चालू ठेवणे सुरक्षित असल्याचे २०१९ च्या ‘ऑगस्टस’ चाचणीने दाखवले.

छातीतले दुखणे स्थिर असेल तर घाईचे कारण नसते. २०२० च्या ‘इस्किमिया’ चाचणीत अशा रुग्णांत औषधांच्या जोडीला लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू वा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. नुकताच पक्षाघात झालेल्याला थोडे थांबण्याची मुभा यातून मिळते.

अँजिओप्लास्टीला जाताना मेंदूच्या जुन्या सीटी स्कॅनचा किंवा एमआरआयचा अहवाल सोबत न्यावा, आणि हात क्षणभर लुळा पडून गेला असेल किंवा बोलणे अडखळले असेल, तर तेही टेबलावर जाण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.